विदोयेचा अर्धा तास

विदोये सात वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कॅन्सर झाला, आणि तो वाचला. तिमोक नदीकाठच्या आमच्या गावात एवढी चांगली गोष्ट त्याआधी घडली नव्हती, नंतरही नाही. त्यामुळे ती जपायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. निम्म्या गावानं त्याच्यासाठी रक्त दिलं होतं. माझ्या वडिलांनी तर दोनदा. अजूनही तो दिसला की ते असं बघतात, जणू आपला कोट कुणी वापरायला नेलाय आणि तो चुरगळत तर नाही ना, हे तपासतायत.

तेव्हा गावानं ठरवलं, या पोरानं बसायचं. शाळेनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याला व्यायामाच्या तासातून कायमची सूट दिली. बाकीची पोरं फुटबॉल खेळायची, हा कानटोपी घालून गोल मोजायचा. त्याची आई देसांका उघडी खिडकी दिसली की धावत जाऊन लावायची, कारण वाऱ्याच्या झोतानं माणूस मरतो यावर आमच्याकडे शिकल्यासवरल्यांचंही एकमत आहे. अशी एकोणतीस वर्षं गेली. विदोये नगरपालिकेत दाखल्यांच्या खिडकीमागे बसायला लागला, जाड झाला, आणि वरच्या मजल्यावर जाताना अर्ध्या जिन्यात थांबून भिंतीवरची नोटीस वाचायला लागला. रोज तीच नोटीस.

मागच्या हिवाळ्यात धाप फारच वाढली म्हणून तो बेलग्रेडला गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याची फाईल पहिल्या पानापासून वाचून काढली.

“लहानपणी कॅन्सरवर जे लाल औषध दिलं, त्यानं तुमचं हृदय दुबळं केलंय,” त्या म्हणाल्या. “ते देणं भागच होतं. पण तुम्हाला इतकी वर्षं बसवून कुणी ठेवलं?”

“सगळ्यांनी,” विदोये म्हणाला.

बाईंनी गोळ्या दिल्या. हळूहळू वाढवत रोज अर्धा तास चालायचं, एप्रिलमध्ये परत यायचं. हृदयानं तोवर तग धरला तर ठीक, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या हृदयाची वाट बघावी लागेल, आणि ती काही बाजारात मिळत नाहीत. हे त्यानं फक्त मला सांगितलं; आईला कळलं असतं तर तिनं त्याला पलंगावरून उतरूही दिलं नसतं. मी बेकरीची व्हॅन चालवतो. आमच्याकडे पाववाल्याला सगळं सांगतात.

पहिल्या दिवशी तो पुलापासून स्टेशनाकडे निघाला. शंभर पावलांवर पोस्टातला झिवादिन गाडी घेऊन आडवा आला.

“बस.”

“नको, चालतोय.”

“का रे? आईशी भांडलास?”

मग औषधांच्या दुकानातली रुझा थांबली, मग साक्षात पाद्री. पाद्रीबुवांना नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. एकूण चालणं झालं सात मिनिटं.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं दफनभूमीचा रस्ता धरला, तिकडे कोण मरायला येतंय म्हणून. तिथेही झिवादिन आलाच. “अरे, तिकडे जायची एवढी कसली घाई तुला?” तरी विदोये नेटानं आत थडग्यांभोवती फेऱ्या मारायला लागला. मेणबत्त्या लावायला आलेल्या दोन विधवांनी ते पाहिलं, आणि पोरगा स्वतःसाठी जागा बघतोय ही बातमी त्याच्या आधी घरी पोचली.

देसांकाकाकू दारात स्टूल टाकून बसली. “दोन वर्षं तुला हातांवर उचलून फिरवला मी. आता स्वतःच्या पायांनी मरायला निघालास?”

“आई, डॉक्टरांनीच सांगितलंय.”

“आणि सूट कुणी दिली होती रे? डॉक्टरांनीच ना?”

विदोयेनं बूट काढून ठेवले.

मग उरलं अंगण. तो अक्रोडाच्या झाडाभोवती फिरायचा, काकू हातात घोंगडी घेऊन उभी राहायची. पाचव्या फेरीला तिचे डोळे भरायचे, सहाव्या फेरीला तो आत जाऊन राजम्याचं सूप प्यायचा.

एप्रिलमध्ये इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात त्याला सहा मिनिटं चालायला लावलं. चौथ्या मिनिटाला तो भिंत धरून उभा राहिला. बाईंनी दुसऱ्या हृदयासाठीच्या तपासण्या लिहून दिल्या. “तरीही जमेल तेवढं चालत राहा,” त्या म्हणाल्या. “बसू नका.”

बसमधून उतरून घरी निघालेला तो मला पुलावर भेटला. व्हॅनच्या खिडकीतून मला हे सगळं सांगितलं, आणि पुढे चालायला लागला. दहा पावलं चालायचा, कठडा धरायचा. पुन्हा दहा. मी मागोमाग व्हॅन सरकवत होतो. माझ्या मागे झिवादिननं हॉर्न वाजवला.

“अरे, घे ना त्याला आत! माणूस आहेस की कोण?”

पलीकडून रुझाही ओरडली, “लाज वाटत नाही? पाव फिरवतोस आणि आजारी माणूस पायी?”

अख्ख्या गावात खरं काय ते माहीत असलेला मी एकटा. मी दार उघडलं.

“चढ, दादा.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. मग तो निमूट चढला.

काकू फाटकातच होती. पोरगा व्हॅनमधून उतरतोय हे पाहून इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला.

“आला बाई शहाणपणा माझ्या बाळाला,” ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी खुर्ची आणायला आत पळाली.