कोपराखालची उशी

दुसऱ्याला धीर देणं हा वर्षाराणीचा धंदा. स्वतःला मात्र सकाळी चहाचा कप धरायचीही चोरी, कारण संधिवातानं आखडलेली बोटं ऊन चढेपर्यंत सुटत नाहीत. लातुरात, घराच्याच पुढच्या खोलीत ती समुपदेशन करते. येणारे बहुतेक असल्या आजारांचे, की नाव ऐकून नातेवाईक म्हणतात, "हे कधी ऐकलं नव्हतं बाई." बरं होणार नाही, हे त्यांना माहीत असतं. तिलाही असतं. ऐकून ऐकून ती पार थकली आहे, आणि थकलेल्या माणसाला आपल्याकडे "जरा फिरून या" यापलीकडे औषध कुणी सांगत नाही.

त्या दिवशी उदगीरचे किराणा दुकानदार रेवणप्पा आले. स्नायू झिजवणारा कसलासा दुर्मिळ आजार. सोबत बायको, उमाबाई.

"शरणार्थ म्याडम," उमाबाई म्हणाल्या. "सोमवारपासून ह्यांनी अन्नाला हात लावला न्हाई. नुसतं पाणी."

गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही, हा रेवणप्पांचा नेम. वर्षाराणीही लिंगायतच, तिला वेगळं सांगायला नको. रेवणप्पांचा हात आता स्थिर राहत नव्हता. सोमवारी लिंग तळहातावरून घसरलं, ते उमाबाईंनी पदरात झेललं. तेव्हापासून पूजा बंद, म्हणून जेवणही बंद.

वर्षाराणीनं पुस्तकातलं होतं नव्हतं ते सांगून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती वैतागली.

"अहो, कोपराखाली उशी घ्या की! महादेव काय उशीला नको म्हणतो?"

रेवणप्पांनी पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या वाकड्या बोटांकडे बघत म्हणाले, "तुमी तसंच करता का?"

करत नव्हती. मूठ उघडेना झाली तेव्हाच तिनं गळ्यातली लिंगाची डबी उतरवून देवघरात ठेवली होती. रोज पूजेविनाच दोन घास खाऊन गोळ्या घ्यायची. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"हाव," ती म्हणाली. "रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळीच उमाबाईंचा फोन आला. "जेवले बघा! म्हणले, म्याडमला जमतं तर मला का न्हाई?"

वर्षाराणीच्या पुढ्यात पोह्यांची बशी होती. तिनं ती बाजूला सारली. देवघरातून डबी आणली, पलंगावरची उशी ओढली आणि डावा हात गरम पाण्यात बुडवून बसली. बोटं सुटायला वेळ लागणार होता. पोहे गार झाले. खाल्ल्यावर घ्यायच्या गोळ्याही बशीशेजारी तशाच राहिल्या.