उत्तम घराण्याचं पदक

"टोपी काढा. आधी डोकं, मग चहा."

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्या दारात पाहुण्याचं स्वागत असं होई. कवटी मोजायचा पितळी चिमटा कानांच्या वर टेकवून समोरचे गृहस्थ डोळे बारीक करत आणि निकाल देत, "वाया गेलंय. साखर किती?"

ते आणि मी एकाच कचेरीतून निवृत्त झालेलो. नाणी, काड्यापेट्या जमवणारे तुम्हीही पाहिले असतील. यांच्या शोकेसमध्ये सुप्रजाशास्त्र होतं. चांगल्या वंशाच्याच माणसांना मुलं व्हावीत, असं सांगणारं हे शास्त्र एके काळी साहेबाच्या देशात फार जोरात होतं. त्याची पोस्टकार्डं, गुटगुटीत बाळांचे बिल्ले त्यांनी जुन्या बाजारात धुंडाळून आणलेले. मानाची जागा एका ब्राँझच्या पदकाला. अमेरिकेतल्या जत्रेत ते उत्तम घराण्याला मिळे. शेजारच्या तंबूत उत्तम बैलाला. त्यांच्या लेकीने इंटरनेटवरच्या लिलावात ते मिळवलं होतं.

"असली घाण कशाला जमवता?" मी एकदा विचारलं.

"अहो, डोकं मोजायचं तर माणसाला शिवावं लागतं. माझ्या आजोबांना कोणी तेवढ्यासाठीही शिवलं नाही. म्हणून मी सगळ्यांची मोजून घेतो."

त्यांची लेक आणि माझा मुलगा हडपसरला एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होते. दोघांनी लग्न ठरवलं, तेव्हा मी समोर गेलो. मुलीचं शिक्षण, स्वभाव, नोकरी, सगळ्याचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणालो, "फक्त घराण्याचं जरा..."

त्यांनी माझा चहा संपू दिला. मग शोकेस उघडून पदक माझ्या हातात ठेवलं. "हे न्या. चुकून आमच्या पत्त्यावर आलं होतं."

सोसायटीत मी सांगितलं, नकार त्यांनीच दिला. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मी नकार दिला म्हणे. बरं झालं कळलं, आचाऱ्याशी बोलायला निघालो होतो."

मुलांचं लग्न तरीही झालं, बुद्धविहारात. मी गेलो नाही. समोरचा चहाही बंद झाला.

आता ते नाहीत. शोकेस माझ्या मुलाच्या घरी आहे. परवा पदक घेऊन तिथे गेलो आणि सुनेला सांगून टाकलं, नकार माझा होता.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, त्यांचं डोकं मी मोजलंय. वेळ लागेल, पण येतील."

पदकाची जागा रिकामीच ठेवलेली होती. मी सवयीने टोपी काढून बसलो. चिमटा काचेआड होता.

"साखर किती?" तिने विचारलं.