गौरीचे खडे आणि नगरपालिकेवरचा दावा

मुलांनो, तुमच्या गावातली बाग तिथली नगरपालिका कुणा बिल्डरला देते आहे, असं तुम्ही परवा फोनवर सांगितलंत आणि विचारलंत, "आजी, सरकारवर खटला घालता येतो?" येतो. आपल्या घराने घातला होता. तुम्हाला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून आईकडून हे वाचून घ्या. तो खटला पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे.

मी लग्न होऊन तंजावूरला आले, तेव्हा आपल्या गल्लीच्या टोकाला एक तळं होतं. कालव्याला पाणी सुटलं की ते भरायचं आणि त्याच्या पाझराने गल्लीतल्या विहिरींना पाणी राहायचं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेने ठराव केला की तळं कोरडं आहे, वापरात नाही, डास होतात. मग ती जागा अध्यक्षांच्या मेहुण्याला भाताच्या गिरणीसाठी नाममात्र भाड्याने दिली. मातीच्या लॉऱ्या येऊ लागल्या. अर्धं तळं बुजलं आणि आमच्या विहिरीचा तळ दिसू लागला.

दावा लावायचा, पण सही कोणी करायची? गल्लीतले सगळे पुरुष सरकारी नोकर. तुमचे आजोबा तर नगरपालिकेच्याच शाळेत मास्तर. अध्यक्षांनी हेच गृहीत धरलं होतं. आम्ही बोलावलेले वकील ओसरीवर हताश बसले होते. माझ्या सासूबाई आतून म्हणाल्या, "अगे, त्यांना विचार, बायकांची सही चालते का?"

"चालते की!" वकील म्हणाले.

"मग एवढा वेळ काय पुरुषांची तोंडं बघत बसलात?"

अशा रीतीने सासूबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघी वादी झाल्या. वकिलांचे इंग्रजी कागद मी सासूबाईंना मराठीत समजावून सांगायची. न पटलेलं वाक्य त्या बदलून घ्यायच्या.

साक्षीच्या दिवशी कोर्टात मी त्यांच्या मागच्या बाकावर होते. नगरपालिकेच्या वकिलांनी तमिळमध्ये विचारलं, "तळ्यावर शेवटच्या कधी गेलात?"

"भाद्रपदात. गौरीचे खडे आणायला."

"एकट्या?"

"आम्ही तिघी."

"वाटेत काय बोललात?"

"काही नाही."

"तीन बायका तळ्यापर्यंत गेल्या, परत आल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत! हे कोर्टाने खरं मानायचं?" सगळे हसले.

"गौरी आणताना बोलत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "बोललं तर परत जाऊन नवे खडे आणावे लागतात. तुम्ही आला असतात तर रात्रीपर्यंत फेऱ्या घातल्या असत्यात."

आता न्यायाधीशही हसले. मग त्यांनी स्वतः विचारलं, "खडे काठावरचे घेता?"

"छे. पाण्यातले. कोरडा खडा गौर होत नाही."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. उरलेल्या दोघींना वेगवेगळं बोलावून तेच विचारलं. दोघींनी तेच सांगितलं. ज्या तळ्यातून दर वर्षी पाण्यातले खडे निघतात, ते कोरडं आणि बिनवापराचं कसं, असं न्यायाधीशांनी निकालात विचारलं.

ठराव रद्द झाला. गिरणी झाली नाही. पण निकाल लागेपर्यंत वर्षं गेली, आणि टाकलेली माती काही कोणी उपसली नाही. आजोबांची बदली गावाबाहेरच्या शाळेत झाली; निवृत्त होईपर्यंत ते कालव्याच्या काठाने सायकल मारत राहिले. पावसात भिजून आले की सासूबाई त्यांच्याकडे न पाहता टॉवेल पुढे करायच्या. अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले.

तेव्हा खटल्याने माणसं सुधारतात, असं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच होतं की, ज्याला कोणी जाब विचारत नाही, त्याला भर कोर्टात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. आणि विचारायला कोणीतरी सही करावी लागते.

बुजवलेल्या भागावर आज लॉऱ्या उभ्या असतात. उरलेलं अर्धं तळं आहे, आणि आपल्या विहिरीला पाणी आहे.