कोटाचे सात चोरखिसे

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी माझी उलटतपासणी घ्यायला नको. पण चूक इतकी नीटनेटकी होती की तिचाही मला थोडा अभिमान आहे.

आमचं शिवणकामाचं दुकान. कापणं आणि मशीन आमच्या यांचं. काज, बटण, हातशिलाई आणि शेवटची इस्त्री माझी. सव्वीस वर्षं असंच चाललंय. आताशा मात्र नवा कोट शिवायला येतं कोण? लोक तयार कपडे घेतात आणि आमच्याकडे पँटची उंची कमी करायला येतात. पायाशी दुमड घालून दिली तर कोणी वाहवा करतं का? यांच्या हातात कला आहे हो, पण बघणारं कोणी उरलं नाही, आणि तेच यांना आतून खात होतं. बोलून दाखवायचे नाहीत. यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं.

पन्नाशीला यांनी जादू शिकायला घेतली. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "नातवंडं खेळवायच्या वयात तुम्हीच खेळणार का?" हे नुसते हसले. वाचनालयात दर रविवारी दुपारी चार वाजता एक म्हातारे जादूगार मुलांसाठी खेळ करायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्याकडे हे तीन वर्षं नेमानं जात होते. मग उस्तादांचे हात थरथरायला लागले. त्यांनी सांगितलं, रविवारचा खेळ आता एका शिष्याकडे देणार. शिष्य दोन. दुसऱ्यानं आदल्या रविवारी धूर, दिवे, गाणी लावून दणक्यात खेळ केला. हा रविवार यांचा. ज्याचा खेळ सरस, त्याला ती जागा कायमची.

"नाही मिळाली तर सगळं सामान देऊन टाकीन," हे म्हणाले. आणि टाकलंच असतं. मी काय आज ओळखते का यांना!

खेळासाठी यांनी काळा कोट स्वतः शिवला, आतून सात चोरखिसे. रुमाल, पत्ते, कागदी फुलं, सगळं त्यांत चापून भरलं, कोट हँगरला लावला आणि दाढी करायला गेले. मी म्हटलं, चला, इस्त्रीचा एक हात फिरवू. तोंड फोनवर नणंदेशी चालू, हात कोटावर. आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवा कोट गिऱ्हाइकाला देताना खिशांची तोंडं टाके घालून बंद करायची, म्हणजे खिसे लोंबत नाहीत. गिऱ्हाईक घरी गेल्यावर दोरा काढून टाकतं. खिशानं तोंड वासलेलं दिसलं की माझा हात आपोआप सुईकडे जातो. नणंदेच्या सुनेचे सगळे पराक्रम ऐकून होईपर्यंत माझे सातही खिसे शिवून झाले होते. तेही काळ्या दोऱ्यानं, दिसू नये म्हणून! फोन ठेवला, कोट यांच्या हातात दिला, आणि आम्ही निघालो.

सभागृह मुलांनी गच्च भरलेलं. उस्ताद पहिल्या रांगेत, मी तिसऱ्या. यांनी रिकामे हात सगळ्यांना दाखवले, मग डावा हात कोटात घातला. तो रिकामाच परत आला. उजवा घातला. तोही रिकामा. हे हसले, आणि मग अंगात मुंग्या शिरल्यासारखे छाती, कूस, पाठ चाचपायला लागले.

"काकांना खाज सुटलीय!" एक चिमुरडी ओरडली. हशा पिकला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि माझ्या तोंडाला कधी लगाम होता? मी ताडकन उभी राहिले आणि ओरडले, "अहो, ओढू नका, अस्तर फाटेल! खिसे मी शिवून टाकलेत!"

भर खेळात जादूगाराच्या बायकोनंच चोरखिशांचा बोभाटा केला होता. उस्तादांनी मान खाली घातली. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. संपलं, वाटलं. माझ्या नवऱ्याची एवढी एक हौस, तीही मीच मातीत घातली.

यांनी सावकाश कोट काढला.

"ही माझी बायको," हे मुलांना म्हणाले. "हिनं शिवलेलं उघडायचं तर जादूगार काय करणार? अगं, ये वर. उसव बसून. आणि जपून, अस्तराला कात्री लागायला नको."

मी मंचावर गेले, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, पर्समधली बारकी कात्री काढली. यांनी बाह्या कोपराच्या वर दुमडल्या आणि पँटच्या खिशातून अंगुस्तान काढलं. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतात ना, ती पितळी टोपी. ती बोटावर चढवली. मूठ मिटली, उघडली. नाही! दुसरी उघडली. तिथेही नाही. मग एका मुलाच्या कानामागून काढली, परत बोटावर, परत गायब. धूर नाही, गाणं नाही, कोटसुद्धा नाही. मुलं उठून पुढे आली, यांच्या हातांना नाक लावून बघायला लागली. वीस मिनिटं हे चाललं. मी हाताच्या अंतरावर बसलेली, चौथा खिसा अर्धा उसवलेला, कात्री तशीच हातात. सव्वीस वर्षं या हातांशेजारी बसतेय, आणि मलाच कळेना ते जातं कुठे. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला बोलू? शेवटी अंगुस्तान गेलं ते गेलंच. यांनी रिकामे हात जोडले आणि मुलांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

मुलं गेल्यावर उस्ताद मंचावर आले. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी कंबर कसून पुढे झाले. "हे बघा, चूक माझी आहे. यांना एक शब्द बोलायचा नाही."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आपल्या थरथरत्या हातांत यांचे दोन्ही हात घेतले, उलटे केले, सुलटे केले.

"शेवटी कुठे घातलंस रे ते?"

हे म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगतो."

"अरे गाढवा, पुढचे सगळे रविवार तुझेच आहेत," उस्ताद म्हणाले. "आता तरी सांग."

हे हसले. पण सांगितलं मात्र नाही.