कोर्टकाकू आणि अटकेची यादी

कोर्टकाकूंना इंग्रजी बोलता येत नसे, पण इंग्रजीत समन्स काढता येत असे. दुकानात दूध कुठे ठेवलंय हे विचारायची वेळ आली की त्या मुकाट्याने सुनेकडे बघत. पण कागदावर 'अफोरसेड' किंवा 'विदाउट प्रेज्युडिस' दिसलं, की चष्मा नाकावर ओढून पाढे म्हणावेत तसं धडाधड वाचत. बत्तीस वर्षं त्यांनी बुलढाण्याला कोर्टाच्या नक्कल विभागात काढली होती. कुणाला निकालाची, जबाबाची अधिकृत प्रत हवी असेल तर त्यांच्या टेबलाशी यावं लागे. निवृत्त झाल्यावर मुलगा विनय त्यांना डेट्रॉइटजवळच्या आमच्या उपनगरात घेऊन आला. मी समोरच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. नागपूरचा, अविवाहित, एच-वन व्हिसावरचा, आणि त्यामुळे कुणाच्याही आईच्या हातचं खायला तयार. काकूंचा उपमा मात्र या तयारीची परीक्षा बघणारा होता. त्यात चमचा रोवला तर तो उभाच राही.

विनयने त्यांच्यासाठी एक जुना कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर मांडला होता. हेतू असा की आईने गावाकडची वर्तमानपत्रं वाचावीत. पण तेव्हा मराठी फॉन्ट धड दिसत नसत. बातमीच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं यायची. तशात एक दिवस सायलीने, म्हणजे सुनेने, पाळणाघराच्या बाईची चौकशी करायला काउंटीच्या शेरीफचं, म्हणजे इथल्या जिल्हा पोलीसप्रमुखाचं, पान उघडलं आणि बंद करायला विसरली. त्यावर आदल्या दिवशी अटक झालेल्यांची नावं होती. नाव, वय, कलम, तारीख. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना अमेरिकेत काहीतरी ओळखीचं भेटलं होतं.

तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर ती यादी वाचायची असा नेमच पडला. देवपूजा त्यानंतर. वाचताना त्यांचे शेरे चालू असत. "हा परत आला. या खेपेला तरी वकील बदल म्हणावं." किंवा, "बासष्ट वर्षांचा बाप्या आणि दुकानातून बॅटऱ्या उचलतो. बायको माहेरी गेली असणार." विनय चिडायचा. "आई, दुसऱ्यांच्या भानगडी कशाला वाचतेस?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "पब्लिक रेकॉर्ड आहे. सरकारने वाचायला ठेवलंय. न वाचणं हा सरकारचा अपमान आहे."

हळूहळू मराठी मंडळात ही बातमी पसरली. बेसमेंट भाड्याने देणारे, मुलीसाठी स्थळ बघणारे, कामवाली ठेवणारे, सगळे रविवारी विनयकडे 'सहज' येऊ लागले. कोर्टकाकू हे नाव तेव्हाच पडलं. काकू कुणाला नाही म्हणत नसत, पण आधी शिकवणी घेत. पिझ्झाच्या जाहिरातीच्या कोऱ्या बाजूवर तीन चौकोन काढायच्या. "हा पहिला, अटक. म्हणजे पोलिसाला संशय आला. हा दुसरा, आरोप. म्हणजे सरकारी वकिलालाही आला. हा तिसरा, निकाल. तुम्ही सगळे पहिला चौकोन बघून तिसऱ्यातलं बोलता. शेरीफची यादी पहिल्याच चौकोनाची असते. बाकीचे दोन कोर्टात बघायचे." मंडळी माना डोलवत, आणि जिना उतरता उतरता तिसऱ्यातलं बोलायला लागत.

एकदा यादीत 'पटेल, आर.' असं नाव आलं. झालं. आमच्या किराणा दुकानाचे मालक रमेशभाई पटेल आत गेले, असं दोन दिवसांत सगळ्यांना समजलं. ते दुकानात गल्ल्यावर बसलेले दिसत होते, तरी लोकांनी त्यांच्याकडचे सामोसे घेणं थांबवलं. काकूंनी विनयला गाडी काढायला लावली. दुकानात जाऊन त्यांनी रमेशभाईंना पहिलाच प्रश्न केला, "तुमची जन्मतारीख काय?" रमेशभाईंना वाटलं, बाई पत्रिका बघतात. त्यांनी तारखेबरोबर जन्मवेळही सांगितली. काकू वळल्या आणि तुरडाळीच्या पोत्यापाशी उभ्या असलेल्या चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे चोपन्न वर्षांचे आहेत. यादीतला सव्वीस वर्षांचा आहे. नुसतं नाव जुळून भागत नाही, वय जुळावं लागतं. फोनच्या पुस्तकात दोन पानं पटेल आहेत." मग त्यांनी बारा सामोसे घेतले. घरी आल्यावर एक खाऊन म्हणाल्या, "अटक करायला हरकत नव्हती."

इथवर मीही हसणाऱ्यांत होतो. मग त्या यादीत माझं नाव आलं.

त्याचं असं झालं. आदल्या वर्षी स्टॉपच्या पाटीपाशी गाडी पुरती न थांबवल्याबद्दल मला तिकीट मिळालं होतं. मी घर बदललं, नोटिसा जुन्या पत्त्यावर जात राहिल्या, आणि माझं लायसन्स निलंबित झालं. मला पत्ताच नाही. एका दुपारी पोलिसाने अडवलं, ते एक हेडलाइट बंद होता म्हणून. त्याने लायसन्स तपासलं, अगदी नम्रपणे मला खाली उतरवलं आणि हातकडी घातली. मागच्या सीटवर बसताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आपटू नये म्हणून. मला तो आशीर्वादासारखा वाटला आणि रडू आलं. काउंटीच्या जेलमध्ये बोटांचे ठसे घेतले, समोरून आणि बाजूने फोटो काढला, आणि संध्याकाळी जामिनावर सोडलं. मी टॅक्सीने घरी आलो. विनय माझ्याच ऑफिसात होता, त्याला फोन करून सांगितलं की पोट बिघडलंय, उद्या ऑफिसला येत नाही.

सकाळी पडदे ओढून बसलो होतो. व्हिसा जाणार, नोकरी जाणार, आणि पुण्यात ठरत आलेलं लग्न तर आधी जाणार. साडेआठला बेल वाजली. दारात काकू, हातात उपम्याची ताटली.

"पोट कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे."

"मग ऑफिसला जा. एका दिवसाच्या वर पोट बिघडलं की लोक चौकशी करतात." त्यांनी ताटली माझ्या हातात दिली. "कलम साधं आहे. तारीख तेवढी विसरू नकोस. आणि आज संध्याकाळी लायसन्सचं काय करायचं ते बघू."

एवढं बोलून त्या गेल्या. तो उपमा मी ताटली पुसून खाल्ला.

पण यादी वाचायला काकूंनीच सगळ्यांना शिकवलं होतं. रविवारी मंडळाचे सेक्रेटरी प्रिंटआउट घेऊन आले. पुण्याची अनघा, जिच्याशी माझं लग्न ठरत होतं, ती त्यांच्या बायकोच्या चुलत बहिणीची मुलगी. मी तेव्हा विनयच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत होतो. आवाज ऐकून तिथेच खिळलो.

"काकू, बघितलंत ना? मिलिंदला अटक झाली. आज पुण्याला कळवतोय."

"जरूर कळवा," काकू म्हणाल्या. "पण तीन आठवड्यांनी त्याची कोर्टाची तारीख आहे. निकाल लागला की मी स्वतः तुम्हाला नक्कल देते. दोन्ही बरोबर पाठवा."

"अहो, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तीन आठवडे कसा थांबू?"

"मग असं करू. मागच्या मे महिन्यातलाही एक कागद माझ्याकडे आहे. तोही बरोबर पाठवू या का?"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सेक्रेटरी म्हणाले की तीन आठवडे म्हणजे काही फार नव्हेत. प्रिंटआउट घडी करून खिशात घालून ते निघून गेले, चहासुद्धा न घेता.

मी बाहेर आलो. "काकू, मे महिन्यात त्यांनी काय केलं होतं?"

"मला काय ठाऊक? कागद आहे म्हटलं. कुणाचा, ते म्हटलं नाही." मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "त्यांना थांबवलं म्हणजे तू सुटलास असं समजू नकोस. त्या मुलीला तू सांग. आज. ती दुसऱ्याकडून ऐकेल तर तिथे माझी नक्कल चालायची नाही."

मी कॉलिंग कार्डाचे आकडे तीनदा चुकवले. अनघाशी त्याआधी मी चारपाच वेळाच बोललो होतो, हवामान आणि आवडते पदार्थ एवढ्या विषयांवर. आता सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, आता ती फोन ठेवणार.

"हातकडी पुढून घातली की मागून?" तिने विचारलं.

"मागून."

"आणि नाकाला खाज सुटली तर?"

"सुटली होती," मी म्हणालो.

ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "बाबांना मी सांगते. पण निकालाचा कागद पाठवा. त्यांना कागद लागतो." मला एकदम हायसं वाटलं, आणि असंही वाटलं की या घराचं आणि काकूंचं जमेल.

लायसन्स पूर्ववत करायला सारा मधला वेळ गेला. तारखेच्या दिवशी काकू माझ्याबरोबर आल्या, साडीवर विनयचा गुडघ्यापर्यंत येणारा कोट आणि पायात सायलीचे बूट घालून. जज येताच सगळ्यांच्या आधी उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या. जजनीही मान लववली. ते बहुधा सवयीने नसावं, कारण इतर कुणाला लववली नाही. माझी बारी चार मिनिटांत संपली. नवं लायसन्स बघून सरकारी वकिलाने अटकेचं कलम मागे घेतलं, वाहतुकीची साधी चूक तेवढी ठेवली. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो. मला घरी जायचं होतं.

"घरी कुठे?" काकू म्हणाल्या. "अजून नक्कल कुठे घेतलीय?"

नकलांच्या खिडकीमागे लांब रंगीत नखांची एक धिप्पाड बाई बसली होती. काकूंनी घसा साफ केला आणि माझ्यासमोर पहिल्यांदा एका अमेरिकन माणसाशी इंग्रजीत बोलल्या. "काइंडली इश्यू सर्टिफाइड कॉपी ऑफ फायनल ऑर्डर इन द अफोरसेड मॅटर, अँड ऑब्लाइज." त्या बाईने टायपिंग थांबवलं. शेजारणीला बोलावलं आणि काकूंना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग मोठ्या आदराने प्रत काढून दिली.

काकूंनी ती उभ्या उभ्या वाचली आणि खिडकीतून परत आत सरकवली. हुकूम बरोबर होता. पण सोबतच्या नोंदीच्या पानावर, ज्याला त्या रोजनामा म्हणत, अटकेच्या कलमापुढचा निकालाचा रकाना कोरा होता. "उद्या कुणी हे पान उघडलं तर तू अजून आरोपीच," त्या मला म्हणाल्या. मी म्हणालो, भरतील नंतर. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की बत्तीस वर्षांत 'नंतर' म्हणणारे किती जण त्यांनी पाहिले असतील ते मला कळलं. आम्ही बाकावर दीड तास बसलो. शेवटी त्या नखवाल्या बाईने रकाना भरला, कॉम्प्युटरचा पडदा वळवून काकूंना दाखवला आणि नवी प्रत दिली. निघताना दोघींनी हात मिळवले. "कामसू आहे," काकू गाडीत म्हणाल्या, "पण त्या नखांनी फायलींचा बस्ता कसा बांधत असेल?"

कागद पुण्याला गेला आणि लग्न झालं. सेक्रेटरींनी अक्षता वाटल्या. अनघा अमेरिकेत आली तेव्हा काकूंनी तिला उपमा करून घातला. तिने पहिल्याच घासाला विचारलं, "काकू, यात पाणी घालायचं राहिलंय का?" हे बोलायची माझी तीन वर्षं हिंमत झाली नव्हती.

मग काकूंचे गुडघे इथल्या थंडीला कंटाळले. पुढच्या हिवाळ्याआधी बुलढाण्याला जायचं असं त्यांनी ठरवलं, आणि त्यांनी ठरवलं की अपील नसे. विमानतळावर आम्ही चौघं गेलो. व्हीलचेअर असल्यामुळे विनयला गेटपर्यंत जायचा पास मिळाला. सायली, अनघा आणि मी दोरीच्या अलीकडे उभे राहिलो. तपासणीत त्यांच्या हातातल्या पिशवीत अडकित्ता निघाला. गणवेशातला एक तरुण माणूस तो दोन बोटांत धरून निरखू लागला. त्याने एक कागद पुढे केला. काकू सही करेनात. मागे रांग वाढत गेली. आम्हाला लांबून नुसते हातवारे दिसत होते. विनय एकदा त्या माणसाशी बोलत होता, एकदा आईशी.

काय झालं ते त्याने नंतर सांगितलं. कागदावर लिहिलं होतं की प्रवासी ही वस्तू स्वखुशीने सोडून देत आहे. काकूंचं म्हणणं, "स्वखुशीने नाही. त्याने मागितला म्हणून दिला. तसं लिही म्हणावं." विनयने समजावलं की विमान सुटेल. त्या म्हणाल्या, सुटू दे. शेवटी त्या बिचाऱ्याने 'स्वखुशीने' वर काट मारली आणि काटेपाशी आपली सही केली. मग काकूंनी केली. आणि प्रत मागितली.

प्रत मिळाली. व्हीलचेअर पुढे निघाली. अनघाने दोन्ही हात वर करून हलवले, सायलीने तोंडावर पदर धरला. वळणापाशी विनयने आमच्याकडे बघून हात केला. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचा चष्मा नाकावर होता, आणि तो कागद त्या पहिल्या ओळीपासून वाचत होत्या.