अण्णांचं खोटं गिऱ्हाईक

अण्णांनी जन्मात कोणाच्या तोंडावर विश्वास ठेवला नाही. ठेवला तो फक्त काट्यावर, आणि तोही स्वतः तपासलेल्या. एकतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या दुकानदारांचे हात एकाएकी प्रामाणिक व्हायचे. तळाशी पोखरलेली वजनं, पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, दांडीला करंगळीचा हलकासा टेकू, असले सगळे प्रकार त्यांनी पकडले होते. पकडायची पद्धत एकच. दुकानदाराचं मनगट धरायचं आणि गप्प उभं राहायचं. मग तो आपणच म्हणायचा, “चुकून राहिलं हो, साहेब.”

निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी मापात पाप शोधायची खोड गेली नव्हती. दूधवाला त्यांच्या दारात माप ओतताना अजूनही देवाचं नाव घ्यायचा. आळीत माघारी त्यांना ‘काटेकोर’ म्हणत. समोर म्हणायची छाती कोणाची नव्हती.

अशा या काटेकोर माणसाने घरच्या घरी दीड वर्षाचा काटा मारला, तो मात्र कोणी पकडला नाही.

त्यांच्या मुलाची मुलगी ठमी. चार वर्षं सरली तरी बोलत नव्हती. कान ठणठणीत, तपासून झाले होते. हाक मारली की वळायची, हसायची, आईच्या पदराशी खेळायची, पण तोंडातून शब्द म्हणून नाही. काही हवं असलं की रडून घर डोक्यावर घ्यायची, मग घरातली सगळी माणसं धावत सुटायची आणि पाणी, बिस्किट, बाहुली, चेंडू असं एकेक पुढे धरत बसायची. वाळू, पीठ, ओलं फडकं, हाताला काही लागलं की किंचाळायची. चमचा धरायची तो मुठीत, काठी धरावी तसा. बालरोगतज्ज्ञांनी ती अडीच वर्षांची असतानाच सांगितलं होतं, “स्पीच थेरपी सुरू करा, हातांसाठी ऑक्युपेशनल थेरपीही लागेल. थांबू नका.”

तेव्हा अण्णा म्हणाले होते, “मी पाच वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. काय अडलं माझं?”

सुनेने मनात उत्तर दिलं असेल, तोंडाने दिलं नाही. मुलगा कारखान्यात पाळीवर, आला की झोपायचा, उठला की जायचा. वडिलांसमोर तोंड उघडायची त्याला सवयच नव्हती. म्हणजे त्या घरात न बोलणारी एकटी ठमीच होती असं नाही. तिच्या नावाचा डॉक्टरी कागद तेवढा झाला.

चौथं वर्ष संपलं आणि डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा तडकून. घरी आल्यावर सुनेने फ्रीजवर तीन दवाखान्यांची नावं चिकटवली. शाळेच्या कचेरीत कारकून होती ती. चिठ्ठीसुद्धा कशी, अर्जासारखी नीटनेटकी.

अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि नाक मुरडलं. “सगळे चोर. तुला बघितल्याबरोबर ओळखतील, ही घाबरलेली आई आहे. मी बघून येतो.”

“बघा,” सून म्हणाली. “पण शुक्रवारपर्यंत. शनिवारी मी ठमीला कडेवर घेणार आणि जे पहिलं दार दिसेल त्यात शिरणार. आत चोर असो की साव.”

अण्णा चमकले. एवढं लांब वाक्य तिने त्यांच्यापुढे प्रथमच उच्चारलं होतं.

आता खात्यातली एक युक्ती अशी की, निरीक्षक कधी स्वतः खरेदी करत नाही. तो खोटं गिऱ्हाईक पाठवतो. मालाचं खरं वजन आपल्याला आधीच ठाऊक असलं की दुकानाचं वजन आपोआप कळतं. अण्णांच्या हाताशी असलं गिऱ्हाईक अगदी घरातच होतं. लेकीची मुलगी सुट्टीसाठी आजोळी आली होती. वय पाच, नाव काही का असेना, घरात तिला टकळी म्हणत. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तोंड चालू. हात एवढे चलाख की अण्णांच्या चष्म्याचे स्क्रू तिने नखाने सोडवले होते. अण्णांनी ठमीला घरी ठेवलं आणि टकळीचं बोट धरलं.

पहिला दवाखाना काचेच्या दाराचा. भिंतीवर छतापर्यंत मान गेलेला जिराफ, सगळ्या नोकरमाणसांना एका रंगाचे शर्ट, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच हसू, तेही दवाखान्यानेच शिवून दिल्यासारखं. अण्णांनी मांडणीवर नजर टाकली. खेळायच्या मातीचे पाच डबे, पाचही रंग अगदी शुद्ध, वरून गुळगुळीत. जिथे मुलं खरोखर खेळतात तिथली माती आठ दिवसांत एकाच रंगाची होते, गटारातल्या गाळाच्या. अण्णा मनात म्हणाले, हे दुकान नुसतं मांडलेलं आहे.

तपासणाऱ्या बाईंनी टकळीला गोड आवाजात नाव विचारलं. टकळीने नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, पत्ता सांगितला, शेजारच्या मांजरीला किती पिल्लं झाली, त्यातलं कोणतं लंगडतं आणि त्यात दोष कोणाचा, तेही सांगितलं.

बाई हसत हसत लिहीत होत्या. “बोलते छान. पण थांबत नाही. हीसुद्धा एक समस्याच असते बरं का, आजोबा. आपण साठ सेशन घेऊ.”

“आणि मुळीच बोलत नसती तर?”

“मग नव्वद.”

अण्णा उठले. इतकं सरळ खोटं तर भंगारवालाही बोलत नाही, तो निदान आधी माल उचलून बघतो.

दुसरा दवाखाना औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. इथे थेरपिस्ट तरुण, दाढी कोरलेली, आणि पाठीमागे भिंतीवर चौदा प्रमाणपत्रं. समोरच्याचं तोंड वाचण्याऐवजी त्याच्या भिंतीवरचे शिक्के वाचायचे, हा अण्णांचा जुना शिरस्ता. चौदांपैकी नऊ एकेका दिवसाच्या शिबिरांची निघाली आणि एक रक्तदानाचं. त्याने टकळीपुढे मणी आणि दोरा ठेवला. दोन मिनिटांत माळ ओवून तिने स्वतःच्या गळ्यात घातली आणि त्याला विचारलं, “आणखी नाहीत का? एवढेच?”

तो गंभीर झाला. “बोटांची पकड जरा अतिच घट्ट आहे. यावर काम करावं लागेल. आठवड्यातून तीनदा आणा. पालकांनी मात्र बाहेर बसायचं.”

“आत का नाही?”

“मूल विचलित होतं.”

“मूल होतं की तुम्ही?” अण्णा म्हणाले. पडद्याआड तोलणारा दुकानदार त्यांनी उभ्या हयातीत एकही धड पाहिला नव्हता.

जिन्यावरून उतरताना टकळी म्हणाली, “आजोबा, मला काय झालंय?”

“तुला काही नाही. त्यांना झालंय.”

“मग ठमीला का नाही आणत?”

अण्णांनी तिला पायरीकडे बघून चालायला सांगितलं. गुरुवार मावळत आला होता.

शुक्रवारी सकाळी तिसरं ठिकाण. दाताच्या दवाखान्याच्या आणि रक्त तपासणाऱ्याच्या मधली एकच खोली, दार सताड उघडं. आत पन्नाशीची बाई जमिनीवर मांडी घालून बसलेली, सर्दीने आवाज बसलेला, केसांत पेन्सिल खोचलेली. कोपऱ्यातल्या डब्यात माती होती, ती गाळाच्या रंगाची. अण्णांच्या ते लक्षात आलं, पण एवढ्याने पाघळतील तर ते अण्णा कसले! त्यांनी खुर्ची मागितली.

“खुर्ची नाही,” बाई म्हणाल्या. “बसा खाली. गुडघे दुखत असले तर भिंतीला टेका.”

टकळीशी त्या दहा मिनिटं खेळल्या. फारसं विचारलं नाही. टकळीने मांजरीचं सगळं पुराण पहिल्यापासून लावलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. मग नाक पुसत अण्णांकडे वळल्या.

“हिला काही झालेलं नाही. कोणासाठी आलात?”

“म्हणजे?”

“मुलाला घेऊन आलेली माणसं मुलाकडे बघतात. तुम्ही मघापासून माझ्या हातांकडे बघताय.”

एकतीस वर्षांत अण्णांचं खोटं गिऱ्हाईक कोणी ओळखलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला, चष्मा पुसला. पुसून झालेला पुन्हा पुसला.

“ठमीसाठी!” टकळी म्हणाली. “ती बोलतच नाही. आजोबा म्हणतात बोलेल, बोलेल.”

“तू गप्प बस,” अण्णा म्हणाले.

“तिला कशाला गप्प करताय? तिने सांगितलं तेवढं तरी कळलं. आता तुम्ही सांगा. वय?”

“चार. चार पूर्ण.”

“कोणी पहिल्यांदा सांगितलं, दाखवा म्हणून?”

“बालरोगतज्ज्ञांनी. अडीच वर्षांची असताना.”

“मग मधलं दीड वर्ष कुठे गेलं?”

 रक्त तपासायला आलेलं कोणाचं तरी पोर पलीकडच्या खोलीत रडत होतं. बाई थांबून राहिल्या. घाई नाही, राग नाही, नुसत्या बघत बसलेल्या. अण्णांना ते थांबणं ओळखीचं वाटलं. अगदी असंच तर ते स्वतः थांबायचे, समोरच्याचं मनगट धरून.

“माझ्यामुळे गेलं,” ते म्हणाले. “मी म्हणालो, मीही उशिराच बोललो होतो.”

“आणि त्याची भरपाई आजपर्यंत चाललीय वाटतं, घरातल्या सगळ्यांच्या वाटचं बोलून,” बाई म्हणाल्या. “मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला एक जागा आहे. आठवड्यातला एक तास मी मुलीसाठी घेईन, एक तुमच्यासाठी. घरी कोण करणार हे सगळं? आई?”

“सून नोकरी करते.”

“मग तुम्ही. तुम्हाला दुसरा उद्योग नाही, ते दिसतंच आहे.”

एखाद्या दुकानदाराने असं तोंड चालवलं असतं तर अण्णांनी त्याची सगळी वजनं जप्त केली असती. इथे जप्त करण्याजोगं होतं ते त्यांच्याचकडे. संध्याकाळी त्यांनी फ्रीजवरच्या चिठ्ठीतली वरची दोन नावं खोडली.

“ही बाई उद्धट आहे,” ते सुनेला म्हणाले. “जरासुद्धा रीत नाही बोलण्याची.”

“मग?”

“मग काय? मंगळवारी सातला.”

मंगळवारी बाईंनी ठमीपुढे बेदाण्यांची डबी ठेवली. एक बेदाणा दिला, झाकण लावलं आणि हात मागे घेऊन बसून राहिल्या. ठमी रडली. अण्णांचा हात आपोआप डबीकडे गेला. बाईंनी तो अडवला.

“हेच करता ना घरी? तिने मागायच्या आत सगळं पुढ्यात? मग ती तोंड कशाला उघडेल? कमी द्या, आणि थांबा.”

“कमी?”

“कमी.”

“मी?” अण्णांना वाटलं आपल्या ऐकण्यातच काही गफलत झाली. “बाई, मी आयुष्यभर—”

“तुम्ही आयुष्यभर काय केलंत ते मला नको. घरी ही आपण होऊन कशाला हात लावते?”

ठमी कशाला हात लावत होती ते अण्णांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या कपाटातला पितळी तराजू. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भेट दिलेला. ठमी चोरून पारड्यावर बोट मारायची आणि ते डुललं की बघत राहायची. दर वेळी अण्णा तिला उचलून बाजूला करायचे, ‘खेळणं नाही ते’ म्हणून.

त्या दिवशी तराजू जमिनीवर आला. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात हरभरे. ठमीने हरभऱ्यांना बोट लावलं आणि किंचाळून फ्रॉकला पुसलं, पण जागची उठली नाही. दुसऱ्या दिवशी दोन बोटं, चौथ्या दिवशी अख्खी मूठ. दांडी सरळ झाली की ठमी टाळी वाजवायची. एवढं अंगवळणी पडल्यावर बाईंनी शिकवल्याप्रमाणे अण्णांनी शेवटची मूठ स्वतःच्या हातात ठेवायची, दांडी वाकडीच राहू द्यायची आणि थांबायचं. ठमी आकांत करायची. शेजारीण खिडकीतून डोकावून म्हणाली, “काय हो हे, एवढ्याशा लेकराला रडवता! म्हातारपणी दया आटली का?” अण्णा म्हणाले, “तुमच्या खिडकीचं माप जरा मोठंच झालंय.” टकळीला मध्ये बोलायला बंदी होती, म्हणून ती दोन्ही हातांनी तोंड दाबून बसायची आणि गुदमरायची. टकळीची सुट्टी संपली, ती गेली. घर एवढं शांत झालं की अण्णांना आपलंच थांबणं ऐकू येऊ लागलं. आपण चोरी करतोय असं वाटून ते देवासमोर जाऊन उभे राहायचे. आणि जायचे कुठे? माणसांशी त्यांचं बोलणं फारसं नव्हतं.

तिसरा आठवडा. सून कामावरून नुकतीच आली होती, चपला हातातच होत्या. जमिनीवर आजोबा आणि नात, मध्ये तराजू, दांडी एका बाजूला कललेली. अण्णांच्या मुठीत शेवटचे हरभरे. ठमी रडत नव्हती. ती पारड्याकडे बघत होती, मग मुठीकडे, मग पुन्हा पारड्याकडे. मग तिने पुढे सरकून अण्णांचं मनगट धरलं. घट्ट, पाचही बोटांनी. आणि वर तोंड करून, डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली,

“दे.”

सुनेच्या हातातली एक चप्पल खाली पडली. अण्णांनी तिकडे पाहिलंही नाही. मनगट सोडवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. एकतीस वर्षांत त्यांनी इतरांची मनगटं धरली होती, आपलं धरलं गेल्यावर काय म्हणायचं ते त्यांना पाठ होतं.

“चुकून राहिलं हो, साहेब,” ते म्हणाले, आणि मूठ पारड्यात रिकामी केली.