ठेवणीतलं चिलखत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या ताईचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि मला तिथवर तिनेच नेलं. चांदूर बाजारजवळच्या आमच्या खेड्यातून ती नर्सिंग शिकायला अकोल्याला गेली, तिथेच दवाखान्यात लागली, आणि लागल्याबरोबर मला अकरावीसाठी आपल्याकडे घेऊन आली. पुढे अमरावतीला कॉलेजात घातलं. आज मी अमरावतीतच एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. पहिला पगार झाला तेव्हा मी फोन करून विचारलं, "ताई, तुले काय आणू?"

"मले काय करायचं हाय? जेवला का तू?" म्हणाली आणि फोन ठेवला. उपकाराचं बोलणं निघालं की ती ते असंच जेवणावर नेऊन संपवते.

मागच्या वर्षी वॉर्डाच्या पायऱ्यांवरून ती घसरली आणि पायाला प्लास्टर आलं. रिकामं बसणं तिला ठाऊकच नव्हतं. सारखा फोन यायचा. "घरात बसून बसून येड लागून राहिलं मले. तू काय करतो रे सुट्टीत?" मी खरं ते सांगितलं. गेम खेळतो, भीतीचा.

"मंग मले दे न तो."

रविवारी माझा जुना लॅपटॉप घेऊन अकोल्याला गेलो आणि तिला शिकवलं. धुक्यात बुडालेलं एक ओसाड गाव. दोघांनी मिळून तिथे जगायचं आणि गावाच्या टोकाच्या शेवटच्या इमारतीपर्यंत पोचायचं. काडेपेटी, जखमेच्या पट्ट्या, प्यायचं पाणी, सगळं शोधावं लागतं. गावात जे फिरतात ते आंधळे आहेत, आवाजावर येतात. एकदा मेलं की कायमचं मेलं. जमवलेलं सगळं जातं, नव्याने सुरुवात करायची. मला वाटलं होतं ती घाबरेल. गावातला पडका दवाखाना पाहून ती म्हणाली, "काय घाण करून ठेवली! इथली इन्चार्ज सिस्टर कोण हाय?"

आतून भाऊजी ओरडले, "तुमी दोघं भाऊबहीण भुतं मारा. भात मीच टाकतो!"

मग रोज संध्याकाळी ती अकोल्याहून आणि मी अमरावतीहून, कानाला हेडफोन लावून, त्या गावात भेटू लागलो. असंच एकदा बाजारच्या गल्लीत एक अनोळखी खेळाडू समोरून आला. अंगावर तांबूस पत्रे, चामड्याचे पट्टे, डोक्यावर गोल शिरस्त्राण. दोन आंधळे त्याला ओरबाडत होते आणि त्याला काही होत नव्हतं. ताई पळायचंच विसरली.

"थांब थांब. हे काय घातलं यानं?"

"चिलखत. लय कमी लोकांले भेटते."

"मले पाहिजे ते."

तिच्या दृष्टीने ते सहज बोलणं होतं. मी मात्र खुर्चीत सरळ बसलो. तिच्या तोंडून 'पाहिजे' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ते चिलखत धरणाखालच्या एका तिजोरीत असतं. एकाने वर मोठं लोखंडी चाक फिरवत राहायचं, म्हणजे पाणी उतरतं. दुसऱ्याने तेवढ्या वेळात खाली जाऊन यायचं. चाकाचा कर्कश आवाज ऐकून आंधळे जमतात, आणि चाक धरणाऱ्याला हात सोडता येत नाही. एवढं करून तिजोरीत चिलखत असेलच असं नाही. बहुतेकदा गंजलेली विजेरी निघते. प्लास्टर निघालं की ताईची ड्यूटी सुरू होणार, मग तिला वेळ कुठला? वर्गात मी फळ्यावर भलतंच सूत्र लिहिलं आणि पोरं हसली. परीक्षेच्या कामाला परतवाड्याला जाताना जीपमध्ये शेजारचे गृहस्थ कापसाबद्दल बोलत होते, आणि मी मनात धरणाच्या पायऱ्या उतरत होतो.

चाक धरायचं काम ताईने आपल्याकडे घेतलं होतं. मी नको म्हणालो तर म्हणाली, "अबे पोट्ट्या, खाली पळापळी तूच कर. मी उभी राहीन. वॉर्डात उभं राहायची सवय हाय मले." ती उभी राहायची, आंधळे तिला ओरबाडायचे, आणि ती तिकडून सांगायची, "ये सावकाश, घाई नाही." मी रिकाम्या हाताने वर यायचो.

शेवटी एका संध्याकाळी तिजोरी उघडली आणि आत ते होतं. मी इतक्या जोराने ओरडलो की घरमालकीणबाई दार ठोठावून गेल्या. ताईच्या जखमांवर पट्ट्या बांधून आम्ही त्या गावातल्या आमच्या खोलीवर आलो. मी चिलखत तिच्यासमोर ठेवलं. तिने अंगात घातलं, आरशासमोर गोल फिरली, पुन्हा फिरली. मग काढलं आणि खोलीतल्या आपल्या पेटीत ठेवून दिलं.

"काहून काढलं?"

"असं रोजचं घालत नसतात. खराब होईन. शेवटच्या इमारतीत जाऊ तवा घालू."

"ताई, ते मार लागू नये म्हणून असते."

"तू नको शिकवू मले."

आणि ती फाटकं जाकीट घालून विहिरीवर पाणी आणायला गेली. पायऱ्यांवर एक आंधळा बसलेला होता. पडदा काळा झाला. पेटी ज्याची त्याच्याबरोबर जाते, चिलखतही गेलं.

ती तिकडे हसत होती. "जाऊ दे रे. घालून पाहिलं न एकदा? बस झालं."

ते 'बस झालं' मला बसू देईना. तिचं कपाट मी ओळखतो. लग्नातली चादर घडीत आहे, काचेचा सेट खोक्यात आहे, ठेवणीतल्या साड्या दिवाळीला उन्हात घालून पुन्हा आत जातात. आम्हा सगळ्यांचंच हे आहे. चांगली वस्तू घरात आली की आमचा हात आधी पेटीचं झाकण शोधतो. वस्तू वापरायची असते हे कळायला चांगल्या वस्तूंची सवय असावी लागते, आणि ती सवय ताईने मला लावली, स्वतःला नाही. मी फोनवर हे बोलायला गेलो. "जेवला का?" तिने विचारलं.

प्लास्टर निघालं, तिची ड्यूटी सुरू झाली. मी मात्र धरणावर जात राहिलो. चिलखत पुन्हा मिळालं तेव्हा मी फोन केला नाही. पोस्टाने पत्र पाठवलं. पत्र मध्येच तोडता येत नाही.

*

ताई,

सप्रेम जयभीम. जेवलो आहे. आता पुढचं वाच.

ते चिलखत पुन्हा भेटलं. या वेळी चाक धरायला एक अनोळखी माणूस होता, हिंदी बोलणारा. बहिणीसाठी पाहिजे म्हटल्यावर तो शेवटपर्यंत हलला नाही. "दीदी को पहना देना" म्हणाला. चिलखत गावातल्या आपल्या खोलीत टेबलावर ठेवलं आहे. पेटीत मुद्दाम टाकलं नाही.

ते घालून शेवटच्या इमारतीत जाऊ नकोस. विहिरीवर जाताना घाल. सरपण आणताना घाल. ओरखडे पडू दे, पत्रा वाकू दे. फाटलं तर पुन्हा जाऊ. रविवार माझेच आहेत. तू माझ्यासाठी चांगलं तेवढं सगळं रोजच्या वापरात आणलंस, म्हणून मी आज हे पत्र लिहू शकतो. तुझ्यासाठी आणलेली एक तरी वस्तू तुझ्या अंगावर झिजलेली मला पाहायची आहे.

या रविवारी तुझी सुट्टी असेल तर दुपारून ये गावात. मी विहिरीजवळ थांबतो.

भाऊजींना जयभीम. आणि हे पत्र वाचून कपाटात ठेवून देऊ नकोस, उत्तर पाठव.

तुझा भाऊ